जपानी बोलताना वाक्य त्याच जागी अडकतंय? मधली इंग्रजी काढून बघा

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची एन-५ पातळी झाली, तिच्या वरची एन-४ झाली. हिरागाना, काताकाना या लिप्या हातात बसल्यात. फोनवर हजार-दीड हजार शब्दांची कार्डं रोज उलटून होतात. आणि तरी समोर जपानी माणूस आला की तोंडातून "वाताशि वा...", म्हणजे "मी...", एवढंच बाहेर पडतं आणि पुढचं वाक्य घशात राहतं. मग आपण ठरवतो की शब्द कमी पडतायत, आणखी पाचशे कार्डं घालतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

घरबसल्या जपानी शिकणाऱ्या मराठी माणसांकडून ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि स्वतः इतके दिवस सोसली आहे, की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. शब्द बहुतेकांकडे पुरेसे असतात. अडवते ती मधे उभी असलेली इंग्रजी. आपण वापरतो ती जवळपास सगळी पुस्तकं, ॲप आणि व्हिडिओ इंग्रजीतून विचार करणाऱ्यांसाठी तयार झालेले आहेत. इंग्रजी माणसाला जे जड जातं तेच त्यांत जड म्हणून शिकवलेलं असतं, आणि आपणही ते तसंच मानून घेतो. त्यातलं बरंचसं तर आपण शाळेत जायच्या आधीच घरात शिकलेलो असतो.

इथे जपानी शब्द देवनागरीत लिहितोय ते फक्त समजावण्यापुरतं. जिथे स्वर लांबवायचा तिथे पुढे ऽ घातला आहे. तुम्ही वहीत मात्र जपानी लिपीच वापरा. रोमन लिपी तर पहिल्या पंधरवड्यातच बंद करा, तिच्यामागून इंग्रजी उच्चार हमखास येतात.

छत्रीचं वाक्य: आधी तपासणी

"काल घेतलेली छत्री बसमध्ये विसरून आलो." हे जपानीत सांगून बघा, मोठ्याने, न थांबता.

सुरुवात "वाताशि वा" अशी झाली, किंवा "विसरलो" आधी सांगून "काल घेतलेली" कुठे बसवू असा प्रश्न पडला, तर तुमचं वाक्य इंग्रजीच्या रस्त्याने गेलं. इंग्रजीत आधी "आय" लागतो, मग क्रियापद, मग छत्री, मग तिच्या पाठीमागे "जी मी काल घेतली" असं शेपूट. जपानी माणूस असं म्हणेल: किनोऽ कात्ता कासा ओ बासु नि वासुरेते किमाशिता.

आता एकेक शब्द मराठीशेजारी ठेवा. किनोऽ म्हणजे काल. कात्ता म्हणजे घेतलेली. कासा म्हणजे छत्री, आणि ओ हा कर्माला लागणारा प्रत्यय. बासु नि म्हणजे बसमध्ये. वासुरेते म्हणजे विसरून. किमाशिता म्हणजे आलो. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. "मी" मराठीत नव्हता, जपानीतही नाही. "विसरून आलो" मधला "आलो" इंग्रजीत गळून पडतो, जपानीत जसाच्या तसा उभा आहे.

इंग्रजी पुस्तकात या "काल घेतलेली छत्री" प्रकारावर अख्खा धडा असतो, कारण त्यांना नामाच्या मागचं सगळं उचलून पुढे आणावं लागतं. आपल्याकडे "उद्या येणारा माणूस", "आईने दिलेला डबा" हे रोजचं बोलणं आहे. आशिता कुरु हितो, हाहा गा कुरेता बेन्तोऽ. तो धडा एका बैठकीत होतो.

खिडकीतला सिंहगड

माझ्या डोक्यात हा उजेड पडला तो व्हिडिओ कॉलवर. जपानमधल्या ओकायामाच्या एक निवृत्त आजी आठवड्यातून एकदा माझ्याशी जपानीत बोलायच्या. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? पावसाळा नुकताच संपला होता, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती, गडावरचा मनोरासुद्धा दिसत होता. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवलं आणि म्हणालो, "वाताशि वा मादो कारा सिंहगड ओ मिएमास." आजी थोडं थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "सिंहगड गा मिएरु नो ने."

कॉल संपल्यावर मी ते वहीत लिहिलं आणि खाली मराठी लिहायला घेतलं. "खिडकीतून सिंहगड दिसतो." मादो कारा, खिडकीतून. सिंहगड गा. मिएमास, दिसतो. मी कुठेच नाही! दिसण्याचं काम सिंहगड करतोय, म्हणून त्याला कर्त्याचा गा. आजींनी ओच्या जागी गा का ठेवला ते पुस्तकाच्या तीन पानांनी समजलं नव्हतं, ते या एका ओळीने समजलं.

मराठीत अशी क्रियापदं ढिगाने आहेत, आणि जपानीतही नेमकी त्याच जागी आहेत. मला कुत्रा आवडतो: वाताशि वा इनु गा सुकि देस. जपानी समजतं: निहोन्गो गा वाकारिमास. स्वयंपाक येतो: र्योऽरि गा देकिमास. आवाज ऐकू येतो: ओतो गा किकोएमास. पैसे लागतात: ओकाने गा इरिमास. पाणी हवंय: मिझु गा होशिऽ देस. डोकं दुखतंय: आतामा गा इताइ देस. व्याकरणात सुकि, होशिऽ, इताइ ही विशेषणं आहेत आणि बाकीची क्रियापदं, पण गा कुठे लागायचा हे ठरवायला त्याची गरज नाही. मराठीत जी गोष्ट आवडते, समजते, येते, दिसते, लागते, दुखते, तिला गा. इंग्रजीत या सगळ्यांत "आय" कर्ता होऊन बसतो, म्हणून त्या वाटेने गेलं की प्रत्येक ठिकाणी ओ लागतो आणि वाक्य चुकतं.

उपाय साधा आहे. कार्डांवरचं इंग्रजी खोडा आणि मराठी लिहा. तेही सुट्टा शब्द लिहू नका, आपण घरात बोलतो तसं वाक्य लिहा. "वाकारु: टू अंडरस्टँड" हे कार्ड फेकून द्या आणि "मला कळतं" लिहा. मला सगळी कार्डं बदलायला दोन महिने लागले, पण तेव्हापासून गा आणि ओ यांचा घोळ जवळपास थांबला.

करून बघणे, करून ठेवणे

दुसरी हमखास अडकायची जागा म्हणजे ते-रूप (आपल्या "करून", "जाऊन"सारखं) आणि त्याला जोडून येणारी क्रियापदं. इंग्रजीतून शिकलं की प्रत्येकाचा वेगळा नियम पाठ करावा लागतो: एक "प्रयत्न करणे", एक "आगाऊ करणे", एक "पूर्णपणे किंवा खेदाने करणे". मराठीत ही आपली संयुक्त क्रियापदं आहेत. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, आणि मिरु म्हणजे बघणेच. कात्ते ओकु म्हणजे घेऊन ठेवणे, आणि ओकु म्हणजे ठेवणेच. ताबेते शिमात्ता म्हणजे खाऊन टाकलं, वासुरेते शिमात्ता म्हणजे विसरून गेलो. इशा नि मिते मोराउ म्हणजे डॉक्टरांकडून तपासून घेणे.

आणि घरातून निघताना जपानी माणूस काय म्हणतो? "इत्ते किमास." पुस्तकात त्याचं भाषांतर "मी निघालो" अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने केलेलं असतं. शब्दशः ते "जाऊन येतो" आहे. आतून उत्तर येतं "इत्तेराश्शाइ", म्हणजे "जाऊन या". लहानपणी मी दारातून "जातो गं" म्हटलं की आई पोळी लाटता लाटता थांबायची. "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." हे ज्याच्या कानावर पडलंय त्याला इत्ते किमास पाठ करावं लागू नये.

क्रियापदं चालवताना गोंधळ होत असेल तर बाराखडी आठवा. इंग्रजी पुस्तकं गोदान क्रियापदांना "उ-क्रियापदं" असं काहीतरी म्हणतात आणि शेवटचं अक्षर काढून काय लावायचं त्याचे तक्ते देतात. गोदान म्हणजे पाच पायऱ्या, आणि त्या पायऱ्या म्हणजे का, कि, कु, के, को. काकु, म्हणजे लिहिणे, घ्या: काकानाइ, काकिमास, काकु, काकेबा, काकोऽ. मात्सु, म्हणजे थांबून वाट बघणे, घ्या: मातानाइ, माचिमास, मात्सु, मातेबा, मातोऽ. एका सुरात म्हणा, आठवड्यात जिभेवर बसतात. जपानी वर्णांचा क्रमही आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे, कारण तो बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीच्या अभ्यासातून आला. कोशात शब्द शोधताना याचा फार उपयोग होतो.

वा की गा

इथे मराठी थेट मदतीला येत नाही, कारण वा सारखा, कशाबद्दल बोलतोय ते दाखवणारा प्रत्यय आपल्याकडे नाही. पण गोष्ट सांगायची रीत आहे.

मोमोतारोऽ ही पीचच्या फळातून जन्मलेल्या मुलाची लोककथा जपानमध्ये पोराटोरांना माहीत असते, आणि ओकायामाला ती खास आपली वाटते. तिची सुरुवात अशी: "मुकाशि मुकाशि, आरु तोकोरो नि, ओजिऽसान तो ओबाऽसान गा सुन्दे इमाशिता. ओजिऽसान वा यामा ए शिबाकारि नि, ओबाऽसान वा कावा ए सेन्ताकु नि इकिमाशिता."

आपण ही कशी सांगू? "फार फार वर्षांपूर्वी एका ठिकाणी एक आजोबा आणि एक आजी राहत होते. आजोबा डोंगरावर सरपण आणायला गेले, आजी नदीवर धुणं धुवायला गेली." पहिल्या वाक्यात "एक आजोबा, एक आजी", तिथे गा. ते ओळखीचे झाले, "एक" गळला, तिथे वा. आटपाट नगरात "एक राजा होता" आणि मग "राजाला दोन राण्या होत्या", हीच चाल.

प्रश्नाचंही तसंच. "कोण आलं?" दारे गा किमाशिता का? उत्तरात तानाकासान गा, कारण नवी माहिती तीच आहे. "तानाकांचं काय झालं?" असं विचारलं तर तानाकासान वा. मराठीत ज्या शब्दावर आपण जोर देतो किंवा "च" लावतो तिथे बहुतेक वेळा गा येतो. "तानाका तर आले, बाकीचे माहीत नाही" असं म्हणताना "तर"च्या जागी वा. हा नियम सगळीकडे पुरणार नाही, पण एन-३पर्यंत चांगला चालतो.

गोष्टी मोठ्याने वाचणं हाच इथे खरा उपाय. मी मोमोतारोऽची सुरुवात पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात बसून पाठ केली होती. पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून आपण जिथे जातो तेच. ओकायामाच्या कोऽराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे.

मराठी जिथे फसवते

इंग्रजी काढली की सगळं सरळ होतं असं नाही. मराठीचे प्रत्यय डोळे मिटून जपानीत टाकले तर नव्या चुका होतात, आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली चूक "त"ची. "पुण्यात राहतो" आणि "पुण्यात काम करतो", आपल्याला दोन्ही सारखेच. जपानीत पहिलं पुने नि सुन्दे इमास, दुसरं पुने दे हाताराइते इमास. असणं, राहणं, बसणं यांना नि. हातपाय हलवून काही करणं याला दे.

दुसरी "ने"ची. बसने, चाकूने इथे दे बरोबर बसतो: बासु दे. म्हणून "मुलाने आंबा खाल्ला" इथेही दे घालायचा मोह होतो. तो "ने" मराठीच्या भूतकाळाचा आहे, जपानीत तसं काही नाही. तिथे गा किंवा वाच येणार.

तिसरी "ला"ची. "मुलाला दिलं", "तोऽक्योऽला जातो", "मित्राला भेटलो" या तिन्हींना नि, आणि भेटण्याच्या बाबतीत इंग्रजीवाल्यांपेक्षा आपण बरोबर असतो. पण "मी त्याला बघितलं" इथला "ला" कर्माचा आहे, तिथे ओ.

या प्रत्ययांना जपानीत जोशी म्हणतात, अगदी आपल्या आडनावासारखं. नाव लक्षात राहायला तेवढंच पुरे.

"आनाता" हा शब्दही इंग्रजीच्या "यू"मागून येतो. शक्यतो वापरू नका. आपणही वडीलधाऱ्यांशी बोलताना "काका, चहा घेणार का?" म्हणतो, सर्वनाम टाळतो. जपानीत नाव आणि आदराचं सान लावा, किंवा काहीच लावू नका. पण आपल्यासारखं अनोळखी बाईला "मावशी" म्हणण्याच्या सवयीने ओबासान म्हणू नका, चाळिशीतल्या बाईला ते लागू शकतं.

ऐकताना सगळं एकसलग वाटतं

परीक्षेचं गुणपत्रक हातात असेल तर ते पुन्हा उघडा. एन-४ला १८० पैकी ९० लागतात, पण ६० गुणांच्या श्रवणात किमान १९ नसतील तर बाकी कितीही मिळाले तरी नापास. शब्द-व्याकरण-वाचनाच्या भागात भरपूर गुण आणि श्रवणात काठावर, असं चित्र असेल तर अडचण कानाची आहे.

कारण बहुतेकदा मात्रांचं असतं. जपानी भाषा मात्रांवर चालते, आणि ही कल्पना शाळेत वृत्तं शिकलेल्याला नवी नाही. तोऽक्योऽ हा शब्द चार मात्रांचा आहे, आपण "टोकियो" म्हणून तीनवर आणतो. कित्ते, म्हणजे टपालाचं तिकीट, तीन मात्रा. किते, म्हणजे "ये", दोन. किऽते, म्हणजे "ऐक", पुन्हा तीन. बिरु म्हणजे इमारत, बिऽरु म्हणजे बीअर. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी.

जोडाक्षरांत आपण पक्के आहोत, पत्ता आणि पता यांत आपली गफलत होत नाही. आपला कान कच्चा आहे तो स्वरांच्या लांबीला. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो, बोलताना नीट पाळत नाही. शिवाय देवनागरीत ए आणि ओ नेहमी दीर्घच धरतात, जपानीत ते आखूडही असतात. टाळी वाजवत, एका मात्रेला एक टाळी, असे शब्द म्हणा. "न्"लाही स्वतःची टाळी द्या. किन्एन् म्हणजे धूम्रपानबंदी, किनेन् म्हणजे स्मरण: पहिल्यात चार टाळ्या, दुसऱ्यात तीन.

त्सु अवघड वाटत असेल तर "चूल"मधला चू म्हणा, ओठ फार गोल न करता. चि मात्र "चिमणी"मधला. तसाच झु "जुना"मधल्या जूसारखा आणि जि "जिरं"मधला. इंग्रजी बोलणारे या त्सुवर महिनोन् महिने घासतात. आपल्याकडे दोन्ही "च" आहेत.

मग वीस सेकंदांचा आवाज घ्या, त्याहून मोठा नको. आधी नुसता ऐका. मग हिरागानात लिहून काढा, समजलं नाही तरी. मग मजकुराशी ताडून बघा. चूक कुठे झाली ते पाहा: लांब स्वर सुटला, की "देसु"चा "देस" ऐकू आला म्हणून शब्द ओळखला नाही, की काताकानातला इंग्रजी शब्द इंग्रजी समजून बसलात? कोन्सेन्तो हा शब्द "संमती" वाटतो, पण तो भिंतीवरचा प्लगपॉइंट असतो. मान्शोन् म्हणजे हवेली नव्हे, साधा फ्लॅट. शेवटी त्याच वीस सेकंदांच्या मागोमाग स्वतः बोला. रोज एवढंच.

ऐकताना मनात भाषांतर सुरू झालं तर निदान ते मराठीत होऊ द्या. "मी उद्या ऑफिसला येणार..." इथपर्यंत ऐकून आपण शेवटच्या "आहे" किंवा "नाही"साठी थांबतोच. जपानीतही हो-नाही शेवटीच कळतं. मनात इंग्रजी चालू असेल तर ते क्रियापद आधी मागतं आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं.

पुन्हा अडकलात तर

अडकाल. एन-४ आणि एन-३च्या टप्प्यात देण्याघेण्याची क्रियापदं येतात आणि जुनी सवय परत डोकं वर काढते. "आमे नि फुरारेता" सारखी वाक्यंही तेव्हाच येतात. पुस्तक त्यांना "त्रासाचा कर्मणी" म्हणून घाबरवतं. "पावसाने गाठलं" म्हटलं की झालं.

देणं मात्र खरंच नवीन आहे. मराठीत "दिलं" एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु, दुसऱ्याने मला किंवा माझ्या माणसाला दिलं तर कुरेरु. "ताईने छत्री दिली", आने गा कासा ओ कुरेमाशिता. "मला" म्हणायची गरजच नाही, ते कुरेरुतच आलं. इथे मराठी कार्ड लिहूनही भागत नाही, कारण मराठीत हा फरकच नाही.

यावर मी एकच गोष्ट केली आणि तिचा उपयोग झाला. रोज रात्री, दिवसभरात कुणी काय दिलं आणि आपण कुणाला काय दिलं, याची तीन वाक्यं लिहायची. खोटी नाहीत, खरीच. पहिल्या दिवशीचं पहिलं वाक्य वहीत अजून आहे: तोनारि नो ओबाऽसान गा मान्गोऽ ओ कुरेमाशिता. शेजारच्या आजींनी आंबे दिले.